औषध न घेतलेल्यांचा विषाणू

जानेवारी २००८. नॉर्वेत त्या हिवाळ्यातल्या फ्लूच्या विषाणूंची नेहमीची तपासणी चालली होती. एच१एन१ जातीचे सोळा नमुने होते आणि त्यांतल्या बारांना ऑसेल्टामिविर, म्हणजे आपण ज्याला टॅमिफ्लू म्हणून ओळखतो ते औषध, दाद देईना. महिनाअखेरीस ही बातमी युरोपातल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेतल्या तज्ज्ञांकडे पोचली, तेव्हा पहिली शंका साहजिकच प्रयोगशाळेवर आली. दुसरी शंका रुग्णांवर: यांनी आधी गोळ्या घेतल्या असतील, अर्धवट सोडल्या असतील. पण त्या बारांपैकी कोणी टॅमिफ्लू घेतल्याची नोंद नव्हती. नॉर्वेत हे औषध फारसे कोणी घेतच नसे. तिथले डॉक्टर फ्लूच्या रुग्णाला घरी पडून राहा, पाणी प्या, एवढेच सांगत.

हंगाम संपला तेव्हा तिथे तपासलेल्या २७२ विषाणूंपैकी सुमारे ६७ टक्के औषधाला न जुमानणारे निघाले. त्याच हंगामात जपानमध्ये हे प्रमाण होते अवघे २.६ टक्के. आणि जपान तर टॅमिफ्लूचे माहेरघर. जगात खपणाऱ्या गोळ्यांचा सिंहाचा वाटा त्या एका देशात जाई. ताप आला की लगेच चाचणी आणि टॅमिफ्लू, हा तिथला रिवाज होता.

जास्त औषध तिथे जास्त प्रतिरोध, हे समीकरण आपण प्रतिजैविकांच्या बाबतीत घोकलेले आहे आणि तिथे ते बऱ्याच अंशी खरेही आहे. फ्लूने ते उलटे टांगले. हंगामी फ्लूच्या औषधप्रतिरोधावर जगभर जी पाळत ठेवली जाते, तिची आजची रचना कळायची तर या उलट्या टांगलेल्या समीकरणापासूनच सुरुवात करावी लागते.

त्याआधी औषधे कोणती ते पाहू. ती मोजकीच आहेत. सर्वांत जुने अमँटाडीन. अमेरिकेत ते १९६६ मध्ये मान्य झाले. याची एक गंमत अशी, की फ्लू टाळण्यासाठी ते घेणाऱ्या एका पार्किन्सनच्या रुग्ण बाईंच्या हातांचा कंप कमी झाला, आणि आज हे औषध फ्लूसाठी नाही तर कंपवातासाठीच वापरले जाते. पेशीत शिरल्यावर विषाणूला आपले कवच उलगडण्यासाठी एक सूक्ष्म नळी लागते, तिला एम२ म्हणतात. अमँटाडीन आणि त्याचे भावंड रिमँटाडीन ही नळी बुजवतात. ‘ब’ प्रकारच्या फ्लूला या औषधांनी काहीच फरक पडत नाही. ‘अ’ प्रकारातही नळीच्या भिंतीतले एकतिसावे अमिनो आम्ल बदलले की बूच बसत नाही. सेरीनच्या जागी अ‍ॅस्पॅराजिन आले, म्हणून या बदलाचे नाव एस३१एन.

तीसेक वर्षे हे बूच बरे बसले. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, १९९४ ते २००५ या काळातले जगभरचे सात हजारांवर विषाणू तपासले, त्यांत प्रतिरोधाचे प्रमाण सुरुवातीला ०.४ टक्के होते. २००३-०४ मध्ये ते १२.३ टक्के झाले. २००४ मध्ये चीनमधल्या नमुन्यांत सुमारे ७४ टक्के. आणि २००५-०६ च्या हिवाळ्यात अमेरिकेत तपासलेल्या एच३एन२ विषाणूंपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रतिरोधक निघाले. १४ जानेवारी २००६ रोजी सीडीसीने डॉक्टरांना सांगितले, फ्लूसाठी ही औषधे आता लिहू नका. पाळतीच्या आकड्यावरून भर हंगामात एक आख्खा औषधवर्ग बाद करण्याचा हा प्रसंग. आकडे नसते तर आणखी किती हिवाळे लोक ते औषध गिळत राहिले असते, हा हिशेब करायला कोणी बसले नाही.

चीनवर तेव्हा बरीच बोटे रोखली गेली. तिथे हे औषध सर्दीच्या गोळ्यांत सर्रास मिळे आणि कोंबड्यांनाही दिले जात असल्याच्या बातम्या आल्या. त्यात तथ्य असेलही. पण पुढे या विषाणूंचे संपूर्ण जनुकक्रम मांडून पाहिले तेव्हा वेगळेच दिसले. एस३१एन ज्या वंशावळीत होता ती वंशावळ दुसऱ्याच कारणांनी यशस्वी झाली होती. फ्लूचे विषाणू आपल्या जनुकांचे तुकडे अदलाबदल करतात. तशाच एका अदलाबदलीतून तयार झालेला एक एच३एन२ जगभर पसरला आणि एस३१एन त्याच्या पाठीवर बसून आला. लग्नाच्या वऱ्हाडात एखादा ओळखीपाळखीचा नसलेला माणूस ट्रकमध्ये बसून येतो, जेवतो आणि सगळे त्याला मुलीकडचा समजतात, तसे. औषध कोणी घेतले की नाही याच्याशी त्याचे देणेघेणे राहिले नव्हते.

दुसरा वर्ग न्यूरामिनिडेज रोखणाऱ्या औषधांचा. फणस कापताना हाताला आणि सुरीला तेल लावतात, नाहीतर चिकाने सगळे चिकटून बसते. पेशीतून बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूंचीही हीच पंचाईत असते. पेशीच्या पृष्ठभागावर सिअ‍ॅलिक आम्ल नावाची साखर असते, विषाणू तिलाच चिकटून आत शिरतो, आणि बाहेर पडतानाही तिलाच अडकतो. न्यूरामिनिडेज हे त्याचे तेल. हे एन्झाइम साखरेचा दुवा कापते आणि विषाणू मोकळा होतो. ते बंद पाडले की नव्या पिढीचा गठ्ठा पेशीच्या दारातच चिकटून राहतो. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन आणि सहकाऱ्यांनी या एन्झाइमची त्रिमिती रचना उलगडली. तिच्या खोबणीत बसेल असा रेणू घडवला गेला, तो झानामिविर. तो श्वासातून ओढावा लागतो. पाठोपाठ ऑसेल्टामिविर आले, पोटात घ्यायचे. दोन्ही १९९९ मध्ये बाजारात उतरली. पुढे शिरेतून देण्याचे पेरामिविर आणि जपानपुरते लॅनिनामिविर. ऑसेल्टामिविर बनवायला लागणारे शिकिमिक आम्ल सुरुवातीला चक्रीफुलातून काढत. होय, तेच मसाल्यातले. २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने सरकारांनी टॅमिफ्लूचे साठे करायला घेतले तेव्हा चक्रीफुलाचा तुटवडा पडला होता. मसाला खाऊन फ्लू बरा होतो असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये.

या दोन औषधांत एक फरक आहे आणि पुढची सगळी कथा त्या फरकावर उभी आहे. झानामिविर दिसायला जवळजवळ खऱ्या साखरेसारखेच आहे, ते खोबणीत जसेच्या तसे बसते. ऑसेल्टामिविरला एका बाजूला तेलकट शेपूट आहे. ते बसण्यासाठी खोबणीतल्या एका अमिनो आम्लाला जरा अंग चोरून घ्यावे लागते. शेजारच्या २७५ क्रमांकाच्या जागी हिस्टिडिनऐवजी आकाराने मोठे टायरोसिन आले, की हे अंग चोरणे जमत नाही. ऑसेल्टामिविर बाहेर राहते. झानामिविरचे काही बिघडत नाही. हा एच२७५वाय. जुन्या लेखांत तोच एच२७४वाय म्हणून भेटतो, कारण एन१ आणि एन२ या दोन प्रकारांत आकडे मोजण्याची पद्धत एका घराने पुढेमागे आहे. नवख्या वाचकाला दोन वेगळे शत्रू वाटतात. शत्रू एकच.

औषध बाजारात आले त्याच वर्षी, १९९९ मध्ये, संशोधकांनी त्याच्या संवेदनशीलतेवर लक्ष ठेवणारे एक जाळे उभारले होते. अमँटाडीनच्या अनुभवाने आलेला हा शहाणपणा. अर्थात काळजी फारशी नव्हती. कारण एच२७५वाय असलेला विषाणू प्रयोगशाळेत लंगडा दिसे. उंदरांत आणि फेरेटमध्ये त्याचा संसर्ग कमजोर ठरला होता. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी उपचार घेतलेल्या ५० मुलांपैकी ९ मुलांत, म्हणजे १८ टक्क्यांत, वेगळ्या जातीच्या विषाणूत प्रतिरोध दाखवला होता, पण तोही त्या त्या मुलापुरता. एका मुलाच्या घशात तयार झाला आणि तिथेच संपला. त्यामुळे समज असा होता, की प्रतिरोध हा रुग्णाचा प्रश्न आहे, समाजाचा नाही.

नॉर्वेने हा समज मोडला. आणि नॉर्वेपुरते ते राहिले नाही. दक्षिण आफ्रिकेत २००८ च्या हिवाळ्यात तपासलेले सगळेच्या सगळे एच१एन१ प्रतिरोधक निघाले. अमेरिकेत २००७-०८ मध्ये १२ टक्के, पुढच्याच हंगामात ९८ टक्क्यांवर. ज्या जपानमध्ये २.६ टक्के होते तिथेही वर्षभरात जवळपास सगळे. एक संपूर्ण हंगामी विषाणू पंधरा-सोळा महिन्यांत जगभर औषधाच्या हातातून निसटला.

लंगडा विषाणू धावायला कसा लागला? याचे उत्तर २०१० मध्ये मिळाले. जेसी ब्लूम, लिझी गाँग आणि नोबेलविजेते डेव्हिड बाल्टिमोर यांनी दाखवले की एच२७५वायमुळे न्यूरामिनिडेज पेशीच्या पृष्ठभागावर पुरेशा प्रमाणात पोचतच नाही. हा त्याचा लंगडेपणा. पण त्याआधीच्या काही वर्षांत हंगामी एच१एन१ मध्ये दुसरेच दोन बदल रुजले होते, आर२२२क्यू आणि व्ही२३४एम. त्यांचा औषधाशी काहीही संबंध नव्हता. त्यांनी एन्झाइमचा पुरवठा सुधारून ठेवला होता. त्या भक्कम जोत्यावर जेव्हा एच२७५वाय आला तेव्हा त्याची किंमत मोजावी लागली नाही. औषधाशिवायही तो इतर विषाणूंच्या बरोबरीने धावू लागला.

मला या सगळ्या साहित्यातला सर्वांत मोलाचा धागा हाच वाटतो. प्रतिरोध समाजात पसरतो तो नुसत्या प्रतिरोधाच्या उत्परिवर्तनाने नव्हे, तर त्याच्या आधी गुपचूप येऊन बसलेल्या, औषधाला पूर्णपणे संवेदनशील असलेल्या विषाणूतल्या बदलांनी. फक्त औषध बिघडलेल्या रुग्णांचे नमुने तपासणारी यंत्रणा हे बदल कधीच पाहू शकत नाही. ते पाहायचे तर साध्या तापाचे, औषध न घेतलेल्या, दोन दिवसांत बरे होऊन कामावर गेलेल्या माणसांचे नमुने लागतात. भरपूर लागतात आणि दर वर्षी लागतात.

२००८-०९ च्या हिवाळ्यात डॉक्टरांची जी त्रेधा उडाली ती वाचताना आज हसू येते. एच१एन१ वर ऑसेल्टामिविर चालत नव्हते पण जुने रिमँटाडीन बहुधा चालत होते. एच३एन२ वर बरोबर उलट. रुग्णाला दोघांपैकी कोणता फ्लू आहे हे दवाखान्यात कळण्याची सोय नव्हती. डिसेंबर २००८ मध्ये सीडीसीने सुचवले, झानामिविर द्या, नाहीतर ऑसेल्टामिविर आणि रिमँटाडीन दोन्ही एकत्र द्या. तीन वर्षांपूर्वी बाद केलेले औषध असे मागच्या दाराने परत आले.

पेच सोडवला तो विषाणूनेच. एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात डुकरांकडून आलेला नवा एच१एन१ सापडला, काही महिन्यांत त्याने जुन्या हंगामी एच१एन१ ला जगातून हुसकावून लावले आणि त्याच्याबरोबर तो प्रतिरोधही गेला. नव्याला अमँटाडीन चालत नव्हते, एस३१एन तो जन्मतःच घेऊन आला होता, पण टॅमिफ्लू चालत होते. पुण्यात ३ ऑगस्ट २००९ रोजी देशातला पहिला स्वाइन फ्लू मृत्यू झाला, त्यानंतर नायडू रुग्णालयापुढे लागलेल्या रांगा, रुमाल बांधलेले शहर, बंद शाळा ज्यांनी पाहिल्या त्यांना ती गोळी किती दुर्मीळ होती ते आठवत असेल. औषधाच्या दुकानात ती मिळतच नव्हती. एका वर्षापूर्वीचा विषाणू असता तर त्या रांगांच्या शेवटी मिळणाऱ्या गोळीचा उपयोग झाला नसता, ही गोष्ट तेव्हा रांगेतल्या कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता पाळत कशी चालते ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेचे फ्लूचे जाळे १९५२ चे आहे. योगायोगाने पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, आपली एनआयव्ही, तीही त्याच वर्षी सुरू झाली, तेव्हा तिचे नाव विषाणू संशोधन केंद्र होते. आज शंभराहून अधिक देशांतली राष्ट्रीय फ्लू केंद्रे या जाळ्यात आहेत. पुण्याची संस्था त्यांतली एक. ठरवून दिलेल्या दवाखान्यांतून घशाचे आणि नाकाचे नमुने येतात, राष्ट्रीय केंद्र त्यांची जात ठरवते आणि निवडक विषाणू अटलांटा, लंडन, मेलबर्न, टोकियो किंवा बीजिंग इथल्या सहयोगी केंद्रांकडे जातात. मुख्य हेतू लस ठरवण्याचा. औषधांची तपासणी त्याच गाडीत बसून जाते, तिच्यासाठी वेगळी गाडी कधी सुटलेली नाही.

तपासणीचे दोन रस्ते आहेत. एक विषाणूला औषधासमोर उभे करण्याचा. कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषाणू वाढवतात, त्याच्या न्यूरामिनिडेजला असा पदार्थ खायला देतात जो तुटला की चमकतो, मग औषधाची मात्रा वाढवत नेतात. चमक निम्म्यावर आणणारी मात्रा म्हणजे आयसी५०. सामान्य विषाणूपेक्षा ती दहा पटींहून कमी वाढली तर नेहमीचा प्रतिसाद, दहा ते शंभर पट वाढली तर घटलेला, शंभराच्या पुढे गेली तर खूपच घटलेला. ‘ब’ प्रकारासाठी या रेषा पाच आणि पन्नासवर आहेत. दुसरा रस्ता थेट जनुकक्रम वाचून ओळखीची उत्परिवर्तने शोधण्याचा. तो झटपट आणि स्वस्त होत चालला आहे, म्हणून आजकाल बरीच केंद्रे आधी वाचतात आणि संशय आला तरच विषाणू वाढवतात. मात्र वाचून फक्त ओळखीचा चोर सापडतो. आणि वाढवण्यातही फसगत आहे: एच३एन२ त्या पेशींवर वाढताना न्यूरामिनिडेजमध्ये १५१ व्या जागी स्वतःहून बदल करून घेतो. रुग्णाच्या घशात जो नव्हताच तो प्रतिरोध भांड्यात तयार होतो. म्हणून मूळ नमुना फ्रीजमध्ये जपून ठेवावा लागतो आणि पुन्हा तपासावा लागतो.

वर ‘प्रतिरोधक’ न म्हणता ‘घटलेला प्रतिसाद’ असा शब्द आला, तो मुद्दाम आहे. प्रयोगशाळेतली पंधरा पट वाढ रुग्णाच्या शरीरात काय करते हे त्या आकड्यातून कळत नाही. औषधाची रक्तातली पातळी तेवढी असेल तर काहीच बिघडणार नाही. संघटनेच्या तज्ज्ञांनी म्हणूनच हे जपून वापरायचे शब्द ठरवले. वर्तमानपत्रे अर्थातच ते जपत नाहीत. ‘सुपरफ्लू’ छापायला दोन अक्षरे कमी लागतात.

२०१२-१३ पासून सहयोगी केंद्रे दरवर्षी जगभरचा एकत्रित आढावा काढतात. पहिल्या आढाव्यात ११,३८७ विषाणू होते, त्यांत खूपच घटलेला प्रतिसाद ०.२ टक्क्यांत. पुढच्या हंगामात घटलेला प्रतिसाद दोन टक्क्यांच्या आसपास गेला. २०१८-१९ आणि २०१९-२० मध्ये अनुक्रमे ०.५ आणि ०.६ टक्के. इतक्या खालच्या आकड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला असे कोणी विचारले तर २००७ च्या उन्हाळ्यातला आकडाही असाच होता, एवढेच सांगता येते.

आणि या सपाट रेषेत अधूनमधून उंचवटे येतात. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात आणि परिसरात, मे ते सप्टेंबर, नव्या एच१एन१ पैकी सुमारे १६ टक्क्यांत एच२७५वाय सापडला. बहुतेकांनी औषध घेतलेले नव्हते. पुन्हा तेच. २०१३-१४ च्या हिवाळ्यात जपानच्या साप्पोरोत तसाच पुंजका. दोन्ही ठिकाणच्या विषाणूंत व्ही२४१आय आणि एन३६९के हे जोडीचे बदल होते, तेच जोते बांधणारे. फरक एवढाच, की २००७ मध्ये आपल्याला ते पाहायचे असते हेच ठाऊक नव्हते आणि २०११ मध्ये मेलबर्नच्या केंद्रातले लोक नेमके तेच शोधत होते. दोन्ही पुंजके विझले. का विझले, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले माझ्या वाचनात नाही. व्ही२४१आय आणि एन३६९के मात्र पुढच्या वर्षांत जगभरच्या संवेदनशील विषाणूंत घर करून बसले.

रुग्णालयांतली गोष्ट वेगळी. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चाललेला, प्रतिकारशक्ती गळालेला रुग्ण आठवडेच्या आठवडे विषाणू बाळगतो आणि त्याला औषधही दीर्घकाळ दिले जाते. तिथे प्रतिरोध औषधाच्या दडपणाखालीच घडतो, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. २००९ च्या शरद ऋतूत वेल्समधल्या कार्डिफच्या एका रुग्णालयात रक्तविकारांच्या वॉर्डात तो एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेला. अशा वॉर्डांत स्वतंत्रपणे पाहावे लागते, त्याबद्दल मतभेद नाहीत.

तिसरे औषध आले आणि चित्र पुन्हा हलले. फ्लूचा विषाणू आमच्या पेशीच्या संदेशवाहक आरएनएची टोके, त्यांना शास्त्रज्ञ टोपीच म्हणतात, कापून आपल्या आरएनएला लावतो, म्हणजे पेशी त्याला आपला समजून प्रथिने बनवते. टोपी घालणे हा वाक्प्रचार इतका शब्दशः क्वचितच खरा ठरत असेल. ही टोपी कापणारी कात्री पीए नावाच्या प्रथिनात असते. जपानच्या शिओनोगी कंपनीचे बालॉक्साविर तिला थांबवते. एकच मात्रा, एकदाच. फेब्रुवारी २०१८ मध्ये जपानने ते मान्य केले, ऑक्टोबरात अमेरिकेने. पाच दिवस रोज दोनदा गोळी देण्यापेक्षा एकदाच द्यायची, हे आईबापांना किती आवडले असेल ते सांगायला नको.

पण चाचण्यांतच दिसले होते की औषध घेतलेल्या प्रौढांपैकी ९.७ टक्क्यांत पीएमधल्या ३८ व्या जागी बदल होतो, मुलांत २३ टक्क्यांत. हा प्रतिरोध टॅमिफ्लूच्या उलट, औषधातूनच जन्मणारा होता आणि प्रमाण मोठे होते. २०१८-१९ मध्ये जपानच्या प्रयोगशाळांनी आय३८टी नावाच्या या बदलाला शोधायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०१९ पर्यंत औषध न घेतलेल्या मुलांतही तो सापडला, म्हणजे माणसामाणसांत पसरलेला. जपानच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बारा वर्षांखालच्या मुलांना ते सरसकट देण्यापासून हात आखडता घेतला. जागतिक आकडा २०१८-१९ मध्ये ०.५ टक्के होता तो पुढच्या वर्षी ०.१ टक्क्यावर आला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तर बालॉक्साविरने घरातल्या इतरांना होणारा संसर्ग सुमारे २९ टक्क्यांनी घटवला. औषध घेतलेल्यांपैकी ७.२ टक्क्यांत प्रतिरोधक विषाणू आला, घरच्यांपैकी एकातही नाही. यावरून पुष्कळ जण निर्धास्त झालेले दिसतात. मी होणार नाही. एच२७५वायबद्दलही लंगडा आहे, पसरत नाही, असे आपण जवळपास आठ वर्षे म्हणत होतो, आणि ते म्हणणे तोवर खरेच होते.

करोनाच्या पहिल्या दोन वर्षांत फ्लू जगातून जवळजवळ नाहीसा झाला, तपासायला विषाणूच उरले नाहीत. ‘ब’ प्रकाराची यामागाता नावाची शाखा मार्च २०२० नंतर खात्रीने कुठेच सापडलेली नाही. मग विषाणू परतले, आणि मे २०२३ पासून एच१एन१ मध्ये आय२२३व्ही आणि एस२४७एन अशी नवी जोडी दिसू लागली. फेब्रुवारी २०२४ पर्यंत पाच खंडांतून १०१ विषाणू, त्यांतले ६७ युरोपातले. ऑसेल्टामिविरला प्रतिसाद सुमारे तेरा पटींनी घटलेला, म्हणजे दहाच्या रेषेच्या जेमतेम पलीकडे, आणि बाकी औषधे शाबूत. एकट्याने आलेला एस२४७एन २०११ च्या सुमारास सिंगापूर आणि उत्तर ऑस्ट्रेलियात दिसून गेला होता. एरवी तेरा पट या आकड्याकडे कोणी ढुंकून पाहिले नसते. पण एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन वंशावळींत ही जोडी स्वतंत्रपणे आली आणि खंड ओलांडून गेली, हे दखल घेण्याजोगे होते. ती दिसली, कारण हजारो निरोगी निघालेल्या जनुकक्रमांच्या ढिगात कोणीतरी ती शोधत होते.

मुळात या औषधांचा फायदा किती, हा प्रश्नही इथे विचारायला हवा. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्याने ऑसेल्टामिविरमुळे प्रौढांची लक्षणे सात दिवसांवरून ६.३ दिवसांवर येतात, एवढेच मान्य केले. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या मुख्य यादीतून पूरक यादीत ढकलले. १७ तासांसाठी एवढी पाळत? पण अतिदक्षता विभागातल्या रुग्णापुढे, गरोदर बाईपुढे, किंवा लस तयार होईपर्यंतच्या महासाथीच्या पहिल्या सहा महिन्यांत हातात दुसरे काही नसते. पाळत त्या सहा महिन्यांसाठी आहे.

भारताची स्थिती. आपल्याकडे फ्लूचे दोन हंगाम, पुण्या-मुंबईत मुख्य जोर पावसाळ्यात आणि दुसरा थंडी सरताना, तर श्रीनगरमध्ये हिवाळ्यातच. म्हणजे उत्तर गोलार्धाचे वेळापत्रक आपल्या अर्ध्या देशाला लागू पडत नाही. २०१५ मध्ये देशात ४२ हजारांहून अधिक रुग्ण आणि २,९९० मृत्यू नोंदले गेले. औषध मात्र आता दुर्मीळ नाही. हैदराबादच्या हेटेरोला टॅमिफ्लूच्या मूळ कंपनीने, रोशने, डिसेंबर २००५ मध्येच परवाना दिला होता, सिप्ला आणि नॅटकोही ते बनवतात. पूर्वी ते कडक नियंत्रणाच्या शेड्यूल एक्समध्ये होते, मोजक्या दुकानांत मिळे. २०१७ मध्ये ते शेड्यूल एच१ मध्ये आले आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीवर मिळू लागले.

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांचे अ, ब आणि क असे वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे साधा ताप-खोकला, त्याला ना चाचणी ना औषध. ‘ब’ मध्ये जोखमीचे लोक, त्यांना चाचणीशिवाय ऑसेल्टामिविर. चाचणी होते ती ‘क’ वर्गाची, दम लागलेल्या, दाखल केलेल्या रुग्णांची. रुग्णसेवेच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे, प्रयोगशाळा तुंबत नाहीत. पण पाळतीच्या दृष्टीने आपण नेमके उलट्या टोकाकडून नमुने गोळा करतो. ‘क’ पर्यंत पोचलेल्यांच्या पोटात आधीच गोळ्या गेलेल्या असू शकतात. त्यांच्या विषाणूत एच२७५वाय सापडला तर तो त्यांच्या उपचारातून आला की गावातूनच फिरत आला, हे सांगता येत नाही. ही उणीव भरून काढणारे बाह्यरुग्ण विभागांतले ठरीव नमुने एनआयव्ही आणि आयसीएमआरच्या विषाणू प्रयोगशाळांचे जाळे गोळा करतातच. करोनाने या प्रयोगशाळांना यंत्रे दिली, जनुकक्रम वाचणारी माणसे दिली. ती यंत्रे साध्या तापासाठी पावसाळाभर चालती ठेवायची की नाही, एवढाच आता प्रश्न उरला आहे.

नमुन्याबरोबर एक कागद जातो. वय, लिंग, ताप कधी आला, लस घेतली होती का. त्यात एक रकाना विषाणूविरोधी औषधाचा असतो. जागतिक आढाव्यांचे लेखक वर्षानुवर्षे एकच तक्रार करतात, की घटलेल्या प्रतिसादाचे विषाणू सापडतात तेव्हा हा रकाना अनेकदा कोराच असतो. दवाखान्यातल्या सिस्टरला तो फालतू वाटत असणार, दिवसाला ऐंशी केसपेपर पाहणाऱ्या माणसाला वाटणारच. पण त्यात ‘नाही’ असे लिहिलेले असेल आणि विषाणूत एच२७५वाय असेल, तर तो कागद प्रयोगशाळेत हातोहात फिरतो. २००८ च्या जानेवारीत नॉर्वेकडे असे बारा कागद होते.